अमरीका काकांची परतीची चाल

अमरीका काका ओळखीच्यांच्या लग्नाला जायचं टाळत आणि अनोळखी लोकांच्या वरातीत मात्र आवर्जून चालत. करडी सफारी, पायात चपला, हात पाठीमागे बांधलेले, आणि जागा ठरलेली: बँडच्या उजव्या बाजूला, कॉर्नेटची छोटी पितळी तुतारी फुंकणाऱ्यापासून दोन हातांवर. नाचत नसत, हसत नसत. मुलीकडच्यांना वाटे, हे मुलाचे कोणी कडक मामा असावेत. मुलाकडच्यांना वाटे, मुलीकडून देखरेखीला कोणी पाठवलं आहे. त्यामुळे दोन्हीकडून मान मिळे. वरात मंडपाच्या दाराशी पोचून आत शिरली की काका वळून घरी येत. जेवायला कधी थांबले नाहीत. "मी ऐकायला जातो. जेवण घरी आहे," असं म्हणत, आणि ते खरंही होतं.

त्यांचं मत असं, की इंदुरातलं सगळ्यात चांगलं जॅझ वरात दाराशी अडकल्यावर ऐकायला मिळतं. नवरदेवाचे मित्र हलायला तयार नसतात, फर्माइशी संपलेल्या असतात, आणि बँडवाला कंटाळून स्वतःच्या मनाचं काहीतरी वाजवायला लागतो. "देख बेटा," ते मला सांगत, "गाणं संपलंय, आणि जायचं कुठे नाहीये. आता जे वाजवतो ना, ते खरं. बाकी सब नौकरी है."

काका आमच्या शेजारचे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढायची नोकरी करून निवृत्त झालेले. अमेरिकेला ते कधी गेले नव्हते; पासपोर्टसुद्धा नव्हता. ते नाव कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने ठेवलं, कारण सकाळी पोहे खाता खाता काका त्याला अमेरिकेतल्या बेसबॉलचा स्कोअर सांगत. "आओ अमरीका भिया, आज कौन जीता?" तो विचारी आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळे. काका तरीही पूर्ण उत्तर देत. त्या पोहेवाल्याबद्दल त्यांना फार आदर होता. "रोज वही पोहे," ते म्हणत, "पण हात बघ त्याचा. आज जीरावन मसाला जरा जास्ती, सौंफ कमी. का, ते त्यालाही सांगता येणार नाही. विचारू नकोस पण, हात बिघडेल." एवढं बोललं की जॅझ म्हणजे काय ते सांगून झालं, असं ते धरून चालत.

कॉर्नेटची गोडी घरातली होती. काकांचे आजोबा संस्थानच्या फौजी बँडात कॉर्नेट वाजवायचे. संस्थान भारतात विलीन झालं आणि बँड वरातीत विलीन झाला, असं काका सांगत. म्हणजे आजोबांचे सोबती पोटासाठी लग्नात वाजवायला लागले. आजोबा गेले नाहीत. दरबारात वाजवलेला माणूस नवरदेवाच्या घोडीपुढे वाजवणार नाही म्हणाले आणि कॉर्नेट पेटीत बंद करून ठेवलं. "इज्जत राहिली, वाजवणं गेलं," काका म्हणत. "सौदा महाग पडला."

नातवाने मग शॉर्टवेव्ह रेडिओवर कॉर्नेट शोधायला सुरुवात केली आणि शोधता शोधता त्याला अमेरिका लागली. आधी जॅझ लागायचं, आणि त्याच स्टेशनवर त्यानंतर बेसबॉलची कॉमेंट्री. उठून रेडिओ बंद करायचा कंटाळा केला, म्हणून बेसबॉल त्यांच्या आयुष्यात आला. कितीतरी वर्षं त्यांनी हा खेळ नुसता ऐकला. ऐकून ऐकून मैदानाचा नकाशा काढला, कार्यालयातल्या ट्रेसिंग पेपरवर, अगदी मापात. मी नोकरीला लागल्यावर कॉम्प्युटर घेतला आणि काकांना पहिल्यांदा बेसबॉलची खरी मॅच दाखवली. ते खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "तुझ्या मशीनमध्ये चित्र उलटं येतंय."

चित्र सुलटं होतं. पळणारा कोणत्या बाजूने वळतो हे कॉमेंट्रीत त्यांना कधी उमगलं नव्हतं, आणि काकांनी गृहीत धरलं होतं की माणूस गोल फिरतो म्हणजे देवळात फिरतो तसाच फिरणार. खेळाडू मात्र उलटी प्रदक्षिणा घालत होते. मला फार वाईट वाटलं. काका घरी गेले, नकाशाची गुंडाळी घेऊन आले, तो ट्रेसिंग पेपर पालथा करून माझ्या टेबलावर पसरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आता सगळं बरोबर होतं. "नकाशा चुकला नव्हता," ते म्हणाले. "अपन चुकीच्या बाजूने बघत होतो."

क्रिकेट त्यांना आवडत नसे. "इकडून तिकडे पळायचं, तिकडून इकडे पळायचं. आमच्या ऑफिसात फायली अशाच पळायच्या." बेसबॉलचं तसं नाही, असं त्यांचं म्हणणं. "घरून निघायचं, तीन ठिकाणी, बेसवर, टेकायचं आणि घरी परत यायचं. घरी पोचलास तरच मोजतात. याच्यावरून कळतं की खेळ कुण्या समझदार माणसाने बनवलाय." इंदूर सोडून गेलेल्या पोरांची चौकशीही ते याच हिशेबाने करत. एखादा बंगळुरूला गेला असं कळलं की म्हणत, "अच्छा, दुसऱ्या बेसवर आहे म्हणजे."

शहराबद्दलही मतं होतीच. माझं ऑफिस विजय नगरच्या नव्या वस्तीत. ते त्यांच्या लेखी इंदूर नव्हतं. "दुसऱ्या कुठल्यातरी शहराने इथे भाड्याने खोली घेतलीये," म्हणत. एकदा तिथल्या एका कॅफेत संध्याकाळी जॅझ आहे म्हणून मी त्यांना घेऊन गेले. चार मुलं वाजवत होती, फार सफाईने. काकांनी दोन तास मान न हलवता ऐकलं. परतताना मी विचारलं, कसं वाटलं. "सगळे सूर बरोबर लागले," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बिचारे."

काकूंचं काय, हे सांगायला हवं. काकू गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, लग्नाआधी रीतसर ख्याल शिकलेल्या. काकांचा रेडिओ लागला की त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेत. "अहो, भांडी आत्ता घासून ठेवलीत, परत कशाला वाजवता," एवढीच त्यांची या संगीतावरची टीका, आणि ती संसारभर बदलली नाही. काकांनीही कधी दार उघडायला सांगितलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोनच माणसं आणि मध्ये एक दार, पण भांडण म्हणून आम्ही भिंतीपलीकडून कधी ऐकलं नाही.

या सगळ्यात एक चाल होती. काकांनी तरुणपणी रेडिओवरून ती कॅसेटवर उतरवून घेतली होती. नाव माहीत नाही, कारण निवेदक नाव सांगायला लागला आणि नेमकी तेव्हाच खरखर आली. ती कॅसेट ते वर्षानुवर्षं लावत राहिले आणि एक दिवस टेपरेकॉर्डरने ती चावून टाकली. तेव्हापासून ती चाल जगात होती फक्त काकांच्या डोक्यात. निदान आम्ही तसं समजत होतो. मी त्यांना फोनसमोर गुणगुणायला लावलं, हल्ली फोन गाणी ओळखतात म्हणून. फोनने विचार करून एक गरबा सुचवला. काकांनी तो पूर्ण ऐकला. "खराब नाहीये," म्हणाले. "पण ते हे नव्हे."

आणि या चालीपायीच बँडचं प्रकरण सुरू झालं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाच्या गावी माणूस गेला की बँड येतो, हे काकांनी रेडिओवरच ऐकलं होतं. मसणात जाताना बँड संथ वाजवतो आणि परतताना एकदम उडतं, लोकांना पावलं टाकायला लावेल असं. काकांनी जाहीर केलं की मला असंच न्यायचं, आणि परतताना ही चाल वाजवायची.

तसं पाहिलं तर माळव्यात हे नवीन नाही. भरल्या घरातला म्हातारा गेला की इथे गुलाल उधळत, बँड लावून नेतात. पण त्यासाठी माणसाने पणतू पाहिलेला असावा लागतो, आणि काकांनी मुलगाही पाहिला नव्हता. मराठी घरांत तर प्रश्नच नाही. आपण माणसाला गुपचूप नेतो, गुपचूप परततो आणि आंघोळी करतो. म्हणजे काका माळव्याच्या नियमात बसत नव्हते आणि मराठी नियमातही नाही. "आपल्यात नाही ते," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "तीन पिढ्या झाल्या इंदुरात. मरताना तरी इथलं होऊ दे मला." काकू म्हणाल्या, "लोक म्हणतील, म्हातारा गेला म्हणून हिने बाजा लावला." पण काकांनी बेत सोडला नाही, आणि माझ्याकडून वचन घेतलं की वेळ आली की बँडला फोन मी करायचा.

बँड म्हणजे लग्नात कॉर्नेट वाजवणाऱ्या मास्टरजींचा. मास्टरजींचे आजोबा आणि काकांचे आजोबा संस्थानच्या बँडात शेजारी शेजारी वाजवत. मास्टरजींच्या दुकानात बसून काका त्यांना गुणगुणून चाल शिकवत आणि मास्टरजी कॉर्नेटवर ती उचलत. मागच्या थंडीत एका दुपारी मी त्या गल्लीतून जात होते. पुढे सहा बँडवाले संथ वाजवत चालले होते, आणि मागे एकटे काका, हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी घेऊन, त्याच चालीने पावलं टाकत येत होते. मी विचारलं, हे काय चाललंय. "तालीम," काका म्हणाले. "त्या दिवशी मला सांगता येणार नाही ना." जाण्याची चाल बसली होती. परतीची मात्र अर्धीच शिकवून झाली होती. पुढचा भाग अवघड आहे, वैशाखातला लग्नांचा सीझन संपला की करू, असं मास्टरजी म्हणाले होते.

वैशाख संपायच्या आत एका सकाळी काका पोहे खाऊन आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि गेले. मी धावत पोचले तेव्हा काकू त्यांच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मी हळूच विचारलं, "काकू, बँड?" त्यांनी मान हलवली. "नको गं. शांतपणे जाऊ दे."

मला फार अवघडल्यासारखं झालं. वचन काकांना दिलेलं आणि घर काकूंचं. मी मास्टरजींना फोन केला तो फक्त कळवायला. त्यांनी आधी काका कधी गेले ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, आज बड़ा मुहूर्त है. तीन बारातें हैं. मैं मना किसको करूँ?" मी म्हटलं, नाही, काकू नकोच म्हणताहेत. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. जवळच्या हातोद गावाहून काकांचा पुतण्या आला. शववाहिका आली. काका निघाले, गल्लीत कुणाच्या चपलांचाही आवाज झाला नाही.

पुरुष मंडळी परत आली तेव्हा दुपार टळली होती. दारात कडुनिंबाचा पाला ठेवला होता. अंगणातल्या नळाखाली एकेक जण डोक्यावरून पाणी घेत होता. काकू आत, काका ठेवले होते त्या जागेवरच्या दिव्याजवळ बसल्या होत्या, आणि मी त्यांच्या शेजारी. तेवढ्यात फाटकापाशी लाल कोट दिसले. मास्टरजी आणि त्यांची पाच माणसं, कोटांवर सोनेरी झालरी, कोणाच्या तरी वरातीतल्या गुलाबाच्या पाकळ्या अजून खांद्यावर. पहिली वरात संपवून, दुसरी सुरू व्हायच्या आत ते आले होते. पुतण्या पुढे झाला आणि हात जोडून त्यांना परत पाठवायला लागला.

मास्टरजींनी टोपी काढली आणि फाटकातूनच आत पाहिलं. "काकीजी," ते म्हणाले, "जाते वक़्त का तो रह गया. वापसी का उन्होंने सिखाया था. पूरा नहीं, आधा. आप मना कर दो तो चले जाएँगे."

काकू दिव्याकडे बघत होत्या. "आधाच?" त्यांनी विचारलं.

"जी. आगे का उन्हीं को आता था."

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मग काकू म्हणाल्या, "येतं तेवढं वाजवा."

त्यांनी अंगणात उभं राहून वाजवलं. ओल्या अंगाने लोक उभे होते, कुठे बघावं ते कुणाला कळत नव्हतं. मी ती चाल काकांच्या तोंडून तुटक तुटक ऐकली होती. पूर्ण बँडवर ती इतकी आनंदाची आहे हे मला माहीत नव्हतं, आणि मला रडू आवरेना. मग अर्ध्यावर येऊन ती थांबली. ढोलवाल्याने दोन ठोके जास्तीचे दिले आणि तोही थांबला. मास्टरजींनी कॉर्नेट खाली घेतलं.

काकू जागच्या हलल्या नाहीत. तिथेच बसून, दिव्यावरची नजर न काढता, त्यांनी पुढची ओळ म्हणायला सुरुवात केली. शब्द नव्हते, नुसते सूर. आवाज वयाने चिरकलेला, पण सूर एकही इकडचा तिकडे नाही. त्यांनी ती ओळ पूर्ण केली आणि थांबल्या. "घ्या," अंगणाकडे बघून म्हणाल्या. "ह्याच्यापुढे अजून दोन आहेत."

मास्टरजींनी कॉर्नेट ओठांना लावलं. काकू एकेक ओळ सांगत गेल्या, आणि बँड त्यांच्या मागून वाजवत गेला.