वाळा वाटीत, भीती कानात

मंडळी, कसबा बावड्यातल्या नेटकॅफेतून घाईघाईत लिहितेय. कुणीतरी लगेच उत्तर द्या, पाया पडते.

आज शेजारच्या आक्कांचा तान्हा नातू चटईवर झोपला होता. त्याच्या उशीजवळ वाळा निघाला. वाळा म्हणजे सुतळीहून बारीक, गांडुळासारखा दिसणारा साप. डोळे असून नसल्यासारखे. बिचारा जन्मभर मातीत राहतो, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो. माणसाला चावायला त्याचं तोंडच पुरत नाही.

पण आक्का ओरडल्या, "कानात शिरला की गं!" आणि पोराच्या कानात मिठाचं पाणी ओतलं.

मी वाळा वाटीत घेऊन धावले. "आक्का, ह्यो बघा, हितं हाय! कानात न्हाय!"

त्यांनी वाटीत बघितलं. "आगं, हे जोडीनं असत्यात. दुसरा आत हाय."

पाण्यानं पोर आणखी रडायला लागलं. रडतंय म्हणजे साप आतच हाय, असं ठरलं. परत पाणी!

मी हात धरला, तर पोराची आईच म्हणाली, "ताई, तुमचं लेकरू असतं तर?"

डॉक्टरांकडं चला म्हटलं, तर आक्का म्हणतात, "आधी साप भाईर येऊ दे."

वाटीतला वाळा मी परसात सोडला, तो मातीत गेलासुद्धा. पण जो कानात नाहीच, तो बाहेर कसा काढायचा? सांगा की कुणीतरी!

मी निघाले तेव्हा आक्का परत पाणी कोमट करत होत्या.