दाराच्या अलीकडची माणसं

भूलबाई हे नाव तिला मुलांच्या वॉर्डातल्या एका पोरीनं दिलं आणि ते इतकं चिकटलं की इस्पितळाच्या फाटकावरचा पहारेकरीसुद्धा "भूलबाई आल्या" असं पुटपुटतच दांडा वर करायचा. खरं म्हणजे ती चांगली जुनी, अनुभवी डॉक्टर होती. ऑपरेशनच्या आधी माणसाला भूल द्यायची, ऑपरेशन चालू असेपर्यंत त्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास सांभाळायचा आणि शेवटी त्याला हळूच परत आणायचं, हे तिचं काम. सर्जनचं नाव लोकांच्या लक्षात राहतं. भूल देणारीचा चेहरा पेशंटला दिसतो तो उलटा, डोक्याच्या बाजूनं, आणि बघता बघता तो विसरूनही जातो. तिची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

तिची एक सवय होती. शिरेत ते दुधासारखं पांढरं औषध सोडायच्या आधी ती पेशंटच्या कानाशी वाकायची आणि म्हणायची, "आता तुमच्या आवडत्या एखाद्या जागी जा बघू. कुठे निघालात?" लोक सांगायचे. कोणी आजोळच्या माळ्यावर निघालेलं असायचं, कोणी तळ्याच्या काठी. एक बसड्रायव्हर रिकाम्या बसच्या मागच्या सीटवर जाऊन बसला होता, कारण तिथे बसायला त्याला जन्मात मिळालं नव्हतं. शाळेतल्या एक बाई गणिताच्या तासाला खिडकीतून बाहेर पडल्या. वाक्य अर्ध्यावर यायचं, पापण्या जड व्हायच्या आणि उरलेलं वाक्य बरोबर घेऊन माणूस निघून जायचा. अशी कितीतरी अर्धी वाक्यं तिच्याजवळ साठली होती.

निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. इस्पितळ मुदत वाढवत होतं आणि ती वाढवू देत होती. दुसऱ्या शहरात राहणारी मुलगी फोनवर कुरकुरायची, "आई, अगं किती दिवस? बाबा घरात भिंतींशी बोलतात."

"भिंती ऐकून तरी घेतात," नवरा मागून म्हणायचा. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचा. तिथून सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोऱ्यांचे नकाशे काढून वाटत असे.

"हात थरथरला की सोडेन," असं ती म्हणायची. हात काही थरथरत नव्हता.

मग एका सकाळी टेबलावर एक म्हातारा सुतार आला. बोटांची टोकं रंध्यानं गुळगुळीत झालेली, नजर शांत. तिनं नेहमीसारखं विचारलं. तो तिच्याकडे खालून बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही रोज सगळ्यांना पाठवता. तुम्ही स्वतः कुठे जाता?"

तिनं हातातली सिरिंज उगाच उजेडात धरून बघितली.

"मी इथेच असते," ती शेवटी म्हणाली.

"मग अवघड आहे," तो मायेनं म्हणाला आणि झोपी गेला.

ऑपरेशन छान झालं. त्याची छाती संथ वरखाली होत होती, पडद्यावरची हिरवी रेघ डोंगर काढत चालली होती, आणि ती त्या रेघेवर नजर ठेवून मनातल्या मनात जागा शोधत होती. सापडला तो लांब बोळ. सापडलं कपडे बदलायच्या खोलीतलं लोखंडी कपाट. घरातल्या गॅलरीत एक आरामखुर्ची होती हे आठवलं, पण तिच्या गादीचा रंग काही केल्या आठवेना.

हात धुताना तिनं शेजारच्या सर्जनला सांगितलं, "महिनाअखेर मी काम थांबवते."

"हात थरथरला का?"

"हात ठीक आहेत. बाकीची मी कुठे सापडत नाहीये."

सर्जननं नळ बंद केला. निरोपाच्या दिवशी तो लांबलचक बोलला आणि शेवटी म्हणाला की, माझ्या भाषणानं निम्मे लोक झोपलेत, तेव्हा बाई, तुमच्यावाचून आमचं अगदीच अडणार नाही. सगळे हसले. तीही हसली. मग ती फाटकाबाहेर पडली आणि रस्ता ओलांडताना तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चुकून बाहेर आलो आहोत.

पुढचे महिने पाण्याखालून चालल्यासारखे गेले. दुपारचं ऊन भिंतीवरून सरकायचं, त्याच्याबरोबर तिची नजर सरकायची. कधी डोळा लागायचा आणि यंत्राच्या टुकटुक आवाजानं ती दचकून उठायची, तर खाली गल्लीत कुणाची तरी गाडी मागे येत असायची. कुंड्यांना ती थेंब थेंब पाणी घालायची, सलाइन लावल्यासारखं. चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं, दोनदा गेली, नंतर पाय वळेनात. आरामखुर्चीची गादी विटकरी रंगाची निघाली. ती त्या खुर्चीत बसून नवरा झोपलेला बघायची, त्याचा श्वास मोजत.

एकदा त्यानं एक डोळा उघडला. "चालू आहे अजून. तू जरा फिरून ये."

घर तिचंच होतं, पण तिला त्यात पाहुणीसारखं वाटायचं.

हे असं किती चाललं असतं कोण जाणे, पण एक दिवस नवऱ्याच्या पोटात कळ आली आणि तो जेवता जेवता पांढराफटक पडला. पित्ताशयात खडे. इस्पितळ तेच, सर्जनही तोच. ट्रॉली निघाली तशी तीही सवयीनं बरोबर चालू लागली, पांघरूण सारखं करत, त्याला धीर देत. ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या दारापाशी तिच्याच हाताखाली शिकलेली डॉक्टर उभी होती. तिनं हळूच आपला हात आडवा धरला.

"मॅडम, इथपर्यंतच."

दार मिटलं. ते दार तिनं आयुष्यभर ढकललं होतं, पण मिटताना ते बाहेरून कसं दिसतं हे तिला ठाऊक नव्हतं.

बाहेर भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती. ती बसली. आत काय चाललं असेल हे ती डोळे मिटून सांगू शकली असती, तरी तिचे तळहात घामेजले होते. शेजारी एक बेकरीवाला बसला होता. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत पिठाचा पुसट थर होता, कारण भट्टीवरून तो तसाच धावत आला होता. मुठीत त्यानं बायकोचा चष्मा घट्ट धरला होता. जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला तो विचारायचा, "अजून किती वेळ?" आणि प्रत्येक सिस्टर म्हणायची, "होईल, बसा."

शेवटी तो भिंतीकडे बघून म्हणाला, "काही झालं तर लगेच सांगतात ना?"

तो तिला विचारत नव्हता, पण तिनं उत्तर दिलं. "सांगतात. आणि आत एक माणूस नुसता त्यांच्या उशाशी बसलेला असतो. तो कापत नाही, शिवत नाही. त्यांचा श्वास तेवढा बघतो."

"श्वास बघायला वेगळा माणूस ठेवलाय?"

"हो."

"मध्येच उठून जात नाही?"

"नाही. त्याला उठताच येत नाही."

त्याची मूठ सैल झाली. चष्म्याकडे त्यानं नवल वाटल्यासारखं बघितलं आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसायला घेतल्या. पिठामुळे त्या आणखीच धुरकट झाल्या, तरी तो पुसत राहिला. तिचेही हात कोरडे होत आले होते.

नवऱ्याची भूल उतरली तेव्हा ती जवळ होती. "कुठे फिरून आलात?" तिनं विचारलं.

"पाइपातून," तो जड जिभेनं म्हणाला. "लांबच लांब. कुठेही गळती नाही."

तो घरी आला, वरण-भात मागू लागला, मोऱ्यांचे नकाशे पुन्हा सुरू झाले. पण तिच्या डोळ्यांपुढून ती खुर्च्यांची रांग हलेना. एक दिवस तिनं त्याला ते सांगितलं. तो पेन्सिलीला टोक काढत म्हणाला, "मग जा की. माझा श्वास काही कुठे पळून जात नाही."

थोरल्या सिस्टरनं कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, परत कामावर?"

"काम नाही. बाहेर बसायचं."

"बसून करणार काय?"

"माहीत नाही. बसून बघते."

पहिल्या दिवशी ती फारच बोलली. एका बाईला तिनं ऑपरेशन पायरीपायरीनं समजावून सांगायला घेतलं तर त्या बाईनं कानांवर हातच ठेवले. "मला नका सांगू हो ते चिरणं-शिवणं." भूलबाई ओशाळली. त्यानंतर ती गप्प बसायला शिकली आणि मग लोक आपापलं बोलू लागले. कुणाला आतलं जाणून घ्यायचं असायचं. कुणाला बाहेरचं, म्हणजे घरचं, भांडणाचं, दूध उतू गेल्याचं सांगायचं असायचं. कुणाला फक्त एवढंच हवं असायचं की आपण तोंड धुऊन येईपर्यंत कुणीतरी दाराकडे बघत राहावं.

एकदा सर्जन मास्क गळ्यात ओढत बाहेर आला आणि त्याच्या चालण्यावरूनच तिला कळलं. आत नेलेल्या एका मुलाच्या बापाला तो जे सांगायचं ते सांगून गेला. बाप खुर्चीत तसाच बसून राहिला. ती त्याचा भाऊ येईपर्यंत शेजारून हलली नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर नवऱ्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, काही न विचारता चहा ठेवला आणि तो पिऊन होईपर्यंत पाठमोरा उभा राहिला.

तरी पुढच्या खेपेला ती गेलीच. आता आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी ती जाते, बाकीच्या दिवशी उशिरा उठते, कुंड्यांना तांब्यानं सरळ पाणी ओतते. मुलगी फोनवर विचारते, "आई, तू निवृत्त झालीस की नाही नक्की?" ती म्हणते, "झाले गं. पूर्ण झाले."

परवा सकाळी धुकं होतं. काचांतून उजेड गाळून घेतल्यासारखा आत येत होता आणि बोळाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. खुर्चीवर एक वयस्क बाई कापडी पिशवी शेजारी ठेवून बसली होती. तिनं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"कोणी नाही. मी अशीच येते."

त्या बाईनं तिच्याकडे नीट बघितलं. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली. भूलबाई आपल्या जागी बसली.

"बहीण आहे माझी," थोड्या वेळानं ती बाई म्हणाली. "लहानपणी झाडावर चढून बसायची आणि उतरायचं नावच घ्यायची नाही."

"कसलं झाड?"

"चिंचेचं. हे एवढं मोठं." तिनं हात पसरले, तशी पिशवी घसरली आणि दोघी ती सावरायला एकदमच वाकल्या.