पेजवरचे काका

सोफेवाले काका या वयात प्रेमात पडलेत, ही बातमी आमच्या जिन्यात मला आधी कळली की मीच ती आधी सांगितली, याबद्दल दोन मतं आहेत. पुरावा मात्र भक्कम होता. काकांच्या दुकानाच्या पेजवर एका फाटक्या आरामखुर्चीचा फोटो आला होता आणि खाली लिहिलं होतं, 'काका म्हणतात, जी जागा एकदा कुणासाठी राखली, तिथे दुसऱ्याला बसवता येत नाही.' साठीला टेकलेला माणूस असं बोलायला लागला तर शेजाऱ्यांनी काय समजायचं? काकूंनी तर समजून घेतलंच. बरेच दिवस त्या काकांपुढे ताट ठेवायच्या ते आपटूनच. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "कोण आहे ती?"

काकांनी तोंडातले खिळे हातावर काढले आणि म्हणाले, "कोण कोण?"

तर खुलासा करून टाकते. प्रेम खरं आहे, फक्त ते काकांचं नाही. ते त्यांच्या होता होता राहिलेल्या जावयाचं आहे, आणि जिच्यावर आहे ती काकांचीच लेक. काकांचं त्यात फक्त तोंड वापरलं गेलं, आणि हे काकूंनाही तोवर ठाऊक नव्हतं.

आता तोंड म्हणजे काय, तेही सांगायला हवं. काका आमच्या खालच्या गाळ्यात जुने सोफे उसवतात आणि नव्यासारखे करून देतात. या कामात पूर्वी बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठापाशी आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि कापडावर ठोकायचा. आता हवेवर चालणारी पिनांची गन आली आहे. काकांकडेही आहे, पण तोंडातले खिळे काही सुटले नाहीत. त्यामुळे आम्ही ऐकलेलं त्यांचं बोलणं म्हणजे 'हं', 'उंहूं' आणि बोटांनी दाखवलेलं माप. काकू सांगतात, लग्नाला होकारसुद्धा यांनी मानेनेच दिला होता.

अशा माणसाला जगात बोलकं करून सोडलं ते जाहिरातवाल्याने. हा पोरगा एका ऑफिसात दुकानांची पेजं सांभाळायचा. बेकरीचं पेज, दातांच्या डॉक्टरचं पेज, सगळ्यांच्या वतीने हाच हसायचा आणि हाच धन्यवाद म्हणायचा. ऑफिसातला सोफा फाटला म्हणून तो गाळ्यात आला, काकांची लेक टेप घेऊन माप घ्यायला गेली आणि त्या एका सोफ्याचं माप बराच काळ चालू राहिलं. पुढे लग्न ठरलं. होणाऱ्या सासऱ्याला भेट म्हणून त्याने दुकानाचं पेज काढून दिलं.

सुरुवातीला नुसते सोफे असायचे. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. कुणी फिरकेना. तेव्हा तो म्हणाला, "काका, लोकांना सोफा नको असतो, माणूस हवा असतो." त्याने काकांचा बाजूने फोटो काढला, चष्मा नाकाच्या टोकावर, हातोडी हवेत. खाली त्याने लिहिलं, 'काका म्हणतात, खुर्ची कधी म्हातारी होत नाही, ती फक्त दमते.'

काकांनी खिळे काढून विचारलं, "मी कधी म्हटलं?"

"तुम्ही मनात म्हणता, काका. मी फक्त लिहितो."

आणि काय सांगू, लोक तुटून पडले! दूरदूरहून गाड्या यायला लागल्या. पायऱ्यांवर खुर्च्यांची रांग, मी पिशव्या घेऊन आडवी होऊन वर चढायची. काकांनी शिवायला एक कारागीर ठेवला, दुसरं मशीन घेतलं. गिऱ्हाइकांचे निरोप यायचे ते जाहिरातवाल्याच्या फोनवर, कारण पेजवर नंबर त्याचा होता. तो पत्ता पुढे पाठवायचा, काका सोफा आणायचे. घरचाच माणूस म्हटल्यावर कोण कशाला विचारतंय, नंबर कुणाचा नि पेजची चावी कुणाकडे?

मग एके दिवशी लेकीने त्याला एक गोष्ट सांगितली. लहान असताना ती गाळ्यात फोमच्या तुकड्यांच्या ढिगावर झोपून जायची, आणि जाग आली की अंगावर बाबांचा शर्ट असायचा. बाबा बनियनवर काम करत बसलेले. इतकंच. ही गोष्ट तिने बाबांकडेही कधी काढली नव्हती. सकाळी पेजवर आलं, 'काका म्हणतात, माझी लेक फोमच्या ढिगावर झोपायची...' पाठोपाठ शर्टही. लोकांनी बदाम पाठवून पाठवून पेज लाल केलं. एक बाई गाळ्यात येऊन काकांसमोर डोळे पुसायला लागल्या. काकांनी लेकीकडे पाहिलं आणि लेकीने जमिनीकडे.

संध्याकाळी जिन्याखाली दोघांचं झालं. मी दिवा लागतो का बघायला बाहेर आले होते, म्हणून कानावर पडलं.

"ते मी तुला सांगितलं होतं. तुझ्या लोकांना नाही."

"अगं पण बघ तरी, किती जणांना आवडलंय!"

"मग त्यांच्याशीच लग्न कर."

झालं. सोयरीक मोडली. पण पेज कुठे मोडतंय? जाहिरातवाल्याने बोलायचं थांबवलं नाही, आणि बोलायला त्याच्याकडे काकांशिवाय दुसरं तोंड नव्हतं. 'काका म्हणतात, आतली स्प्रिंग तुटली तरी वरचं कापड हसत राहतं.' 'काका म्हणतात, शिवण उसवणाऱ्याला धाग्याचं दुःख काय कळणार?' सुखात असताना त्याने जेवढं काम आणलं नव्हतं तेवढं दुःखात आणलं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या तर सेटच्या सेट. गिऱ्हाइकं गाळ्यात येऊन ती वाक्यं मोठ्याने वाचायची, आणि लेक गुडघ्यावर बसून माप घेता घेता विचारायची, "खुर्चीचे हात किती उंच ठेवायचे?"

तिची तब्येत उतरली. एकदा ती आईला म्हणाली, "माझंच भांडण रोज मला वाचून दाखवतात गं." ते ऐकून काका उठले, शर्ट बदलला आणि काकूंना घेऊन जाहिरातवाल्याच्या ऑफिसात गेले. तिथे काय झालं ते काकूंनी मला जिन्यात सांगितलं. पोराने पाणी दिलं, पाया पडायचाच काय तो बाकी राहिला. म्हणाला, "काका, पेज तुमचंच आहे. तिला फक्त एकदा येऊन मागू दे. लगेच देतो." घरी येऊन दोघांनी लेकीला सांगितलं, ऑफिस बंद होतं.

पेजच्या कंपनीला कळवून पाहिलं. उत्तर यंत्राने दिलं. ज्याने पेज उघडलं तोच मालक, आणि वर, आमची सेवा कशी वाटली? मग मीच काकांना नवीन पेज काढून दिलं. काकांनी स्वतः फोटो काढला, त्यात अर्धा सोफा आणि अर्धा अंगठा. खाली लिहिलं, 'सोफा दुरुस्त करून मिळेल.' पहिलीच कमेंट आली, 'खोटं पेज. खरे काका असे बोलत नाहीत.' मग लोकांनी भराभर तक्रारी केल्या आणि ते पेज बंद पडलं. काका गाळ्यात बसून त्या कमेंटकडे कितीतरी वेळ बघत होते, जणू तिच्यात काही तथ्य असावं.

नंतर जुन्या पेजवर ते आलं. 'काका म्हणतात, मागितलं तर सगळं देईन, पण मागायला यावं लागतं.' कारागिराने कौतुकाने वाचून दाखवलं. लेकीला काय समजायचं ते समजलं. तिने टेप गळ्यातून काढला, पर्स घेतली.

"जाते आणि मागून येते. एका वाक्याचा तर प्रश्न आहे."

काकांनी अर्धवट ठोकलेला तीन माणसांचा सोफा ओढत ओढत दाराशी आणला, आडवा लावला आणि त्यावर बसले.

"बाबा, दुकान बसेल. सगळं काम त्याच्या फोनवरून येतं."

"उंहूं."

"नवीन मशीन घेतलंय. माणूस ठेवलाय. ते सगळं कशावर चालायचं?"

काकांनी बसल्या बसल्या सोफ्याचं सुटलेलं कापड ताणून धरलं. मी उशीचा अभ्रा दाखवायच्या निमित्ताने खाली गेले होते, ती बाहेरच अडकले. आत जायला वाट नव्हती आणि परत फिरायला मन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाहिरातवाला स्वतःच आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. वाईट पोरगा नाही हो तो, तेवढं म्हणायलाच हवं. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसला. पडद्यामागे लेकीचं मशीन चालू होतं. तो काकांशी बोलत होता, पण आवाज पडद्यापर्यंत जाईल एवढा ठेवून.

"काका, मला पण रोज ते लिहायला जड जातंय. आज तिने मागितलं तर आत्ताच तुमच्या फोनवर देतो, सगळे लोक, सगळे फोटो. नाहीतर मी पेज पुसून टाकतो. मग तुमच्याकडे कोण येणार, ते तुम्हीच सांगा."

मशीन थांबलं. कारागीर कात्री हातात धरून काकांकडे बघत राहिला, त्याच्या पोटाचाच प्रश्न होता. काकांनी पडद्याकडे पाहिलं, बाहेर पायऱ्यांवरच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग त्यांनी तोंडातले खिळे एकेक करून सोफ्याच्या हातावर ठेवले, शेवटचासुद्धा, आणि म्हणाले, "पुसून टाक. त्याआधी तिथल्या काकाला अजून काही म्हणायचं असेल तर म्हणून घेऊ दे. इथला काका म्हणतो, ऊठ, ती खुर्ची गिऱ्हाइकाची आहे."