घोषणेतला मधला शब्द

परळच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर अभ्यासिका आहे. लांब बाकडी, दोन ट्यूबलाइट, किरकिरणारा पंखा. एका खोलीत सहा माणसं राहत असली की अभ्यास तिथेच होतो. माझाही तिथेच झाला. चाळीच्या जागी टॉवर येणार म्हणून नकाशा लागला, त्यात जिम होती, सोसायटीचं ऑफिस होतं. अभ्यासिका नव्हती.

कमिटीच्या बैठकीत मी म्हणाले, आर्किटेक्टच्या ऑफिसवर मोर्चा नेऊ. अध्यक्ष म्हणजे बँकेतून रिटायर झालेले काका. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे निळ्या अक्षरांत लिहिलंय : शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

"क्रम बघ पोरी. संघर्ष शेवटी. आधी सगळे एक होऊ देत."

पाण्याच्या टाकीच्या वेळी हेच, गळक्या छताच्या वेळीही हेच. सगळे एक होईपर्यंत बसून राहायचं, म्हणजे काहीच करायचं नाही.

या वेळी मी ऐकवलं. मूळ इंग्रजीत क्रम वेगळा आहे : एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. मराठीत आणताना कुणीतरी मधला शब्द उचलून शेवटी टाकला, त्याचा संघर्ष केला, आणि तुम्ही त्याच्या आड लपता.

"आम्ही जे लढलो ते मराठीतच लढलो गं," काका म्हणाले. लोक हसले.

शेजारच्या मावशींनी विचारलं, त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ तरी काय, मोर्चाच ना? मी हो म्हणणार होते. पण तो अर्थ मराठीतल्या ‘संघर्ष’ने लावलेला.

"माणसांना स्वस्थ बसू न देणं," मी म्हणाले. "मोर्चा नंतर."

"मग नको बसू देऊस," मावशी म्हणाल्या. "कमिटीशी काय भांडतेस?"

पौर्णिमेला बुद्धवंदना झाली की आमच्याकडे खीर वाटतात. पातेलं अभ्यासिकेतच असतं, सगळे मजले खाली उतरतात. त्या पौर्णिमेला पळी मी घेतली. खीर वाढताना प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरातलं कोण या बाकड्यावर बसलं? आणि टॉवरमध्ये कुठे बसणार? लोक वाट्या घेऊन वर जाईनात. तिथेच उभे राहून एकमेकांना सांगू लागले, नकाशा मागू लागले. काकांची वाटी पुढे आली.

"माझी दोन्ही मुलं," ते म्हणाले.

"आणि नातू?"

त्यांनी वाटी बाकड्यावर ठेवली आणि नकाशा मागितला.

त्याच आठवड्यात अख्खी चाळ दादरला आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली, काका सगळ्यांत पुढे. नवीन नकाशात अभ्यासिका आली आहे. लिफ्टच्या मागे, आधीपेक्षा लहान, खिडकी नाही.

काका सगळ्यांना सांगतात, बघा, आधी संघटित झालो म्हणून संघर्ष जमला. त्याआधी काय झालं ते मी दरवेळी ऐकवते. खिडकीसाठी परत जायचंय. त्यावर आधी बैठक घेऊ, असं त्यांचं म्हणणं आहे.

पुढच्या पौर्णिमेची पळी मी मागून ठेवली आहे.