नानांच्या डाव्या हातासाठी गळकाठी

रेवसच्या धक्क्यावरून लाँच सुटली तेव्हा मी टपावर जाऊन बसलो होतो. खाली तांदळाची पोती, कोंबड्यांची खुराडी आणि फराळाचे डबे यांत पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईला मी काही पहिल्यांदा निघालो नव्हतो, पण या खेपेला मला धीरच धरवत नव्हता. चाळिशीतला शाळामास्तर, दोन मुलांचा बाप, आणि जत्रेला निघालेल्या पोरासारखा सारखा उठून मुंबई दिसते का ते बघत होतो. शेवटी लाँच हाकणारा तांडेल ओरडला, "मास्तर, बसा की! मुंबई कुठं पळून जात नाय."

मला मासे धरायची विलायती काठी घ्यायची होती. आमच्या खाडीवर मिठागरांच्या पाहणीला आलेल्या एका इंजिनियरकडे ती मी पाहिली होती. काठीला खाली चक्री, चक्रीवर नायलॉनची दोरी, आणि दोरीच्या टोकाला लाकडाचा रंगीत खोटा मासा. त्याने मनगटाला एक झटका दिला आणि तो मासा थेट खाडीच्या मध्यावर जाऊन पडला. तेही एकाच हाताने! त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना, कारण माझ्या वडिलांना, नानांना, आता एकच हात उरला होता.

नाना म्हणजे आमच्या खाडीवरचा जिताड्याचा माणूस. जिताडा हा चवीला गोड आणि अंगाने दांडगा मासा. गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारून डोकं असं हलवतो की भल्याभल्यांची दोरी तुटते. नाना तो नुसत्या हातदोरीवर धरायचे. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा खांदाही हलायला लागला, पण कोपराखालचा हात लुळाच राहिला. तेव्हापासून ते ओटीवर खाडीकडे पाठ करून बसायचे. जिताडा घरात आला तर ताटावरून उठायचे. हे मला बघवत नसे.

भाऊच्या धक्क्यावर उतरलो. ताज्या मासळीचा आणि डिझेलचा वास नाकात शिरला, आणि मी ट्रामने गिरगावात आलो. भिंतीभिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं गेरूने लिहिलेलं. एका कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी होती आणि तिच्याच सावलीत तीन जण चौथ्याला पेपर मोठ्याने वाचायला लावत होते. गावाकडे आम्हाला हे सगळं दोन दिवस शिळं होऊन मिळतं. इथे ते गरमागरम होतं, आणि छाती उगाचच फुगली.

फणसवाडीत आत्या राहते, नानांची धाकटी बहीण. दिवस भाऊबीजेचा होता. दर वर्षी नाना स्वतः येत; या वर्षी त्यांनी माझ्या हाती लुगडं पाठवलं होतं. आत्याने दारातच विचारलं, "आणि तो?"

"नाही आले. म्हणाले, डाव्या हाताने ओवाळणी घालू का?"

आत्याने लुगड्याची घडीसुद्धा मोडली नाही. पानं वाढली. बोंबलाचं भुजणं (कांदा, लसूण, कोथिंबीर घालून आटवलेलं कालवण) आणि तांदळाची भाकरी. मी दोनदा मागून घेतलं आणि जेवता जेवता काठीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, "लुगडं परत ने. त्याला पुन्हा खाडीवर उभा कर, तीच माझी ओवाळणी. आणि काय रे, तू दोन हातांनी काठी पारखणार आणि तो एका हाताने वापरणार होय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या पातळाची पट्टी फाडली, माझा उजवा हात कोपरापासून पोटाशी करकचून बांधला आणि वरून सदरा घातला. एक बाही रिकामी लोंबत राहिली. "आता चल," ती म्हणाली आणि पायांत वहाणा सरकवून माझ्या पुढे जिना उतरलीसुद्धा. एका हाताने चप्पल चढवता चढवता मी मागेच राहिलो.

धोबीतलावाच्या बाजूला खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक पारशी, पिकल्या मिशांचे. आत शिरलो आणि मी हरखूनच गेलो! भिंतीला ओळीने काठ्या उभ्या होत्या. चिरलेल्या बांबूच्या कामट्या जोडून केलेल्या, मधासारख्या रंगाच्या, एक पोलादी, आणि एक नव्या तऱ्हेची, काचेच्या धाग्यांची, जी वाकवली की सळसळून सरळ होई. कपाटात पितळी चक्र्या, आणि तबकात खोटे मासे: चांदीच्या चमच्यासारखे पत्रे, पिसांचे झुबके, डोळे रंगवलेले लाकडी मासे. आत्या मला दटावत होती की तोंड मीट.

मालकांनी माझ्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. "बोला साहेब, काय दाखवू? हे घ्या, राजा माणसाचा मशीन हाय," म्हणून एक जाडजूड पितळी चक्री पुढे केली.

"एका हाताने चालते का?" आत्याने विचारलं.

"बाई, ते तर टाकून बघितल्याशिवाय कोण सांगेल?" ते म्हणाले, आणि दुकान मुलाच्या हवाली करून छत्री उघडून आमच्याबरोबर चौपाटीला निघाले. उत्साह माझ्या एकट्याचाच नव्हता तर!

चौपाटीवर ओहोटी होती. दोरीला नुसतं शिसं बांधलं, पितळी चक्री चढवली आणि मी डाव्या हाताने झोकात फेकलं. शिसं चार हातांवर पडलं आणि चक्री मात्र गरगर फिरतच राहिली. दोरीचा असा गुंता झाला की बास! अंगठ्याने चक्री दाबून धरायची असते म्हणे, पण काठी पेलतानाच माझा अंगठा मेटाकुटीला आला होता. शिवाय तिची मूठ उजव्या बाजूला. आत्या वाळूत फतकल मारून गुंता सोडवत बसली.

तोवर माणसं जमली. एक टोपीवाले गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कुठे लागलं? फोर्टात?"

"लागलं नाही हो, हात चांगला आहे."

त्यांनी डोळा मिचकावला. "बरोबर आहे, सांगूच नका. साध्या वेषातले फिरत असतात." आणि मला कळायच्या आत त्यांनी माझ्यासाठी शहाळं फोडून घेतलं. रिकामी बाही म्हणजे पोलिसांची लाठी, असा त्या दिवसांतला हिशेब होता. मी जितकं नाही म्हणावं तितका माझा मान वाढत होता. सगळ्यांना सांगत बसण्यापेक्षा मी शहाळं प्यालो.

मग दुसरी चक्री. ही काठीच्या खाली लटकणारी, मूठ डाव्या बाजूला, आणि दोरीवर तारेची एक कमान. कमान उघडली की दोरी मोकळी, मूठ फिरवली की कमान खटकन आपोआप मिटते. काठी उजव्या काखेत धरून मी डाव्या हाताने कमान उघडली, त्याच हाताच्या बोटावर दोरी अडकवली, काठी घेतली आणि फेकलं. शिसं उंच गेलं, लांब गेलं, आणि पार ओल्या वाळूत जाऊन रुतलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या गुंता टाकून उभी राहिली. मी काठी पुन्हा काखेत मारून डाव्या हाताने मूठ फिरवायला घेतली, आणि तिथेच घोडं अडलं. काठीचा दांडा आखूड. दोरीला जरा ताण आला की तो काखेतून सटकायचा. जिताडा लागला असता तर काठी घेऊन गेला असता.

"दांडा वाढवा," मालक म्हणाले. "लालबागला एक तात्या हाय, मिलच्या सूत गुंडाळायच्या बॉबिन बनवते. माझे स्टंप तोच करते."

काचेच्या धाग्यांची ती काठी आणि कमानीची चक्री घेऊन आम्ही लालबागला गेलो. तात्यांचं दुकान एका चाळीच्या तळमजल्यावर होतं. चरकावर लाकूड फिरत होतं आणि भुशाने तात्यांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. माझी बाही पाहताच त्यांनी चरक थांबवला.

"खंय लागला ओ हाताक? पोलिसांनी मारल्यानी?"

"नाही हो तात्या, हा हात..."

"बसा हंय. काय बोलू नुको. गे, च्या टाक!" आतल्या बाजूला हाक गेली. काठीचं काम ऐकून न ऐकल्यासारखं करून ते बाहेर गेले आणि पाच-सहा माणसं घेऊन आले. कोपऱ्यावर सभेची तयारी चालली होती; दोन बाकं जोडून व्यासपीठ केलेलं. सत्याग्रहीने दोन शब्द बोललेच पाहिजेत, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. मला धरून बाकावर चढवलं. कुणी गळ्यात झेंडूची माळ घातली. शंभर-दीडशे तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि माझी मात्र पाचावर धारण बसली. इथे थट्टा संपली होती. या गल्लीतली किती घरं खरोखरच पोळली होती!

आत्या गर्दीतून वाट काढत बाकावर चढली. तिने माझ्या सदऱ्यात हात घातला, गाठ सोडली आणि माझा उजवा हात धरून वर केला. "बघा! धडधाकट आहे. हा सत्याग्रही नाही, मास्तर आहे. हात गेलाय माझ्या भावाचा, आजारपणात. त्याला पुन्हा मासे धरता यावेत म्हणून या वेड्याने स्वतःचा हात बांधून घेतलाय. काही बोलायचं तर मला बोला." बोलता बोलता तिने पदर डोळ्यांना लावला.

मी माळ काढून हातात धरली. आता मार खायचा, असंच मला वाटलं.

"अरे मेल्या," तात्या खालून म्हणाले, "आधी सांगूक काय झाला होता?"

"सांगत होतो हो! तुम्ही ऐकाल तर ना!"

आधी कोण हसलं कुणास ठाऊक, पण मग सगळी गल्ली हसली. टोपी मागे सारून एक म्हातारा कामगार म्हणाला, "माळ ऱ्हवांदे गळ्यात. बापाशीसाठी आसा ना? मग ऱ्हवांदे."

तात्यांनी मात्र सभेकडे पाठच फिरवली. सागवानी तुकडा चरकावर चढवला, माझ्या काखेचं माप घेतलं, नानांचा खांदा माझ्यापेक्षा रुंद की अरुंद ते विचारलं, आणि दांड्याच्या टोकाला काखेत बसेल असा गोल फुगवटा काढला. एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. दुकानातून घेतलेला खोटा मासा बघून त्यांनी नाक मुरडलं. "ह्यो काय मासो? ह्येका जिताडो खातलो?" मग एका फुटक्या बॉबिनमधून त्यांनी स्वतःच एक मासा कातला, पाठ काळी केली, पोट पांढरं. माझ्या पिशवीतले मोठे गळ त्याला लावले. बादलीत ओढून पाहिला तर तो कसा छान अंग हलवत चालला! मी आनंदाने ओरडलोच. मजुरीचं नाव काढलं तर म्हणाले, "जिताडो गावलो काय सांगून धाडा."

तिसऱ्या दिवशी आत्याने हिंदमातेला नेलं, काठीला खाकी कापडाचा अभ्रा शिवायचा म्हणून. कापडाच्या दुकानातल्या माणसाने गादीवर कापड फेकत विचारलं, "कुणासाठी? मुलाचं माप आणलंय?" आत्या म्हणाली, "मुलगा नाही, काठी आहे. उंच आहे, अंगाने बारीक." तो बिचारा कापड मोजायचं विसरला.

परतीच्या लाँचवर काठी मांडीवर घेऊन बसलो. जाताना नुसता आनंद होता. आता त्यात धाकधूक मिसळली. नानांनी हातात घेतलीच नाही तर?

आणि घेतली नाहीच. दोन दिवस काठी ओटीच्या कोपऱ्यात उभी. तिसऱ्या दिवशी नाना जेवून उठले आणि विचारलं, "एका हाताने फेकता येते म्हणे?" मी नुसती मान हलवली.

आम्ही उघाडीवर गेलो (बांधातून खाडीत पाणी सोडायचं दार). ओहोटीचं पाणी खळाळत बाहेर पडत होतं. अशा वेळी जिताडा तिथे तोंड आ करून बसलेला असतो. नानांच्या पहिल्या दोन फेकी चिखलात गेल्या. तिसरी फेक पाण्यात बरोबर भोवऱ्याच्या कडेला पडली. दांडा काखेत, डावा हात मुठीवर, तात्यांचा मासा अंग हलवत येऊ लागला, आणि एकदम काठी धनुष्यासारखी वाकली. पाणी फुटलं. जिताडा हातभर वर उडाला, डोकं झाडलं, आणि दोरी सैल पडली. मासा गेला. तात्यांचा लाकडी मासाही घेऊन गेला.

गेलं वर्षभर घरात काही पडलं, सांडलं, हुकलं, की नाना आपल्या उजव्या हाताकडे बघून म्हणत, "या मेलेल्यामुळे." आता तेच ऐकावं लागणार म्हणून मी खाली मान घातली.

"कसला तो मासा आणलास रे!" नाना कडाडले. "लाटण्याला गळ लावून आणलंय! आणि दोरी ही असली? बघतोस काय, दुसरा बांध! पाणी चाललंय!"

मी पिशवीतून दुकानातला खोटा मासा काढला. घाईघाईत दोरी त्याच्या कडीत जाईना. गेली तर गाठ बसेना.

"दोन हात असून एक गाठ मारता येत नाही?" नाना म्हणाले. "आण इकडे." आणि त्यांनी दोरी दातांत धरली.