काठीवाले सर आणि चहाची लारी

काठीवाले सर आमच्या जिन्याला शिव्या देतच वर यायचे. "बिल्डरने नववी पायरी खाल्ली!" हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. नववी पायरी खरोखरच बोटभर आखूड होती. पांडेसऱ्याच्या त्या सोसायटीत आम्ही बारा वर्षं दोन्ही डोळे उघडे ठेवून चढउतार करत होतो, पण आम्हाला ते कधी कळलं नव्हतं.

सर जन्मापासून अंध. उतारवयात नजर गेलेल्यांना पांढऱ्या काठीने चालायला शिकवण्यासाठी एका संस्थेतर्फे ते घरोघर जायचे, तेही सिटी बसने, एकटे. काचबिंदूने आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर गेली आणि सर दर गुरुवारी आमच्याकडे येऊ लागले. आप्पा आधी भडकलेच. "माले काठी नको. मी काय लंगडा शे का?" सर मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी अहिराणीतच उत्तर दिलं, "आप्पा, ही काठी पायसकरता नही, डोयासकरता शे." आप्पा हसले. आमच्या घरात कितीतरी महिन्यांनी कोणी हसलं होतं.

आप्पांना फार काही नको होतं. सोसायटीच्या फाटकाबाहेर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती. संध्याकाळी तिथे त्यांचे डाईंग मिलमधले जुने सोबती जमत. कुणाचा हात न धरता तिथवर पोचायचं, एवढंच. सरांचा नियम कडक होता: घरच्यांनी दहा पावलं मागे राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. "घरचे लोक हात धरत नाहीत, पकडून ठेवतात," असं ते माझ्यासमोर, माझ्याच घरचे पोहे खात म्हणायचे. मला राग यायचा, पण आप्पा मान डोलवायचे.

दोन महिन्यांनी परीक्षा ठरली. सर लारीवर जाऊन बसले. आप्पा काठी डावीउजवीकडे फिरवत निघाले आणि मी दहा पावलं मागे. त्यांनी फाटक ओलांडलं, तेवढ्यात माझ्या बँकेतल्या मॅनेजरांनी स्कूटर थांबवली. "अरे भाई, पप्पाने एकला मूकी दीधा?" वडिलांना एकटं सोडलंस का, असं त्यांनी काळजीनेच विचारलं असेल. पण म्हाताऱ्या बापाला वाऱ्यावर सोडणारा मुलगा म्हणून सगळा रस्ता माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं. मी धावत जाऊन आप्पांचा दंड धरला, काठी काढून घेतली आणि घडी करून काखेत लपवली. "सोड ना भाऊ, मी जाई ऱ्हायनू," आप्पा म्हणाले. लारी वीस पावलांवर होती. मी त्यांना घरी आणलं.

पुढच्या गुरुवारी सर आले. मी दारातच सांगितलं, "आप्पा झोपलेत." आप्पा आत खुर्चीत जागे होते आणि सगळं ऐकत होते. पोराला आपली लाज वाटते हे त्यांना कळून चुकलं होतं, म्हणून ते बोलले नाहीत. त्यानंतर सर आणखी दोन गुरुवार आले आणि मी तेच सांगितलं. शेवटच्या वेळी ते म्हणाले, "बरं. त्यांचं मन झालं की मला बोलवा." मी बोलावलं नाही. आप्पा पुढे चार वर्षं जगले. एवढ्या काळात दवाखान्याखेरीज ते कुठेही गेले नाहीत. हे लिहितानाही माझी मान खाली आहे.

गेल्या महिन्यात उधन्याच्या बसथांब्यावर सर दिसले. केस पिकलेले, पण ताठा तसाच. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. माझी चाहूल लागताच, कुणी परका समजून, ते वळून गुजरातीत म्हणाले, "भाई, पांडेसरानी बस आवे तो कहेजो ने." मी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी त्यांनी आवाज ओळखला असता, आणि पहिला प्रश्न आप्पांचा असता.

पांडेसऱ्याची बस आली. माझ्या भरवशावर सर जागचे हलले नाहीत. दार उघडलं, मिटलं, बस गेली.

"कई हती, भाई?" कुठली बस होती, असं सरांनी विचारलं.

मी पाय न वाजवता तिथून निघालो.