जीपबरोबर गेलेलं नेट

उदबत्तीचा वास आला की मला आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची ती पांढरी पेटी आठवते आणि डोकं फिरतं. गावात सरकारी इंटरनेट आलं म्हणून जीपमधून साहेब आले होते. पेटीला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, हार घातला, नारळ फोडला. नर्सिंगच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता, म्हणून तो भरायला मंगळवेढ्याला जायची एसटी सोडून मी तिथंच थांबले. साहेबांनी मलाच कॉम्प्युटरसमोर बसवलं. झटक्यात अर्ज उघडला, मी हसले, फोटो निघाले, टाळ्या पडल्या. मी निम्मा अर्ज भरला असेन, तोवर साहेब खोबरं खात जीपमध्ये बसले. जीप पंचायतीपुढून वळली आणि पडदा जागच्या जागी थिजला. आई बिचारी पेटीपुढं हात जोडून उभी राहिली. तिला शिपाईमामा हळूच म्हणाले, "वहिनी, तिला कशाला हात जोडताय? वायर कुटं जोडलीय अजून? नेट सायबाच्या मोबाईलवरचं हुतं, गेलं की त्यांच्यासंगं." माझा अर्ज राहिला तो राहिलाच. आज मी दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली फरशी पुसते. पंचायतीत मात्र पेटीशेजारी माझा तो फोटो अजून लटकतोय, खाली लिहिलंय 'समाधानी लाभार्थी'.